शेल्टरमधल्या तीन वर्षांच्या कुत्रीला नवी मुंबईत घर कसं मिळवून द्यावं?

तुम्ही लिहिलंय की कुत्री देशी आहे, नसबंदी झालीय, माणसांत रमते, पण वय ऐकून लोक मागे हटतात. अहो, वय हीच तिची जमेची बाजू! पिल्लू मोठेपणी कसं निघेल कोण सांगणार? हिचा स्वभाव समोर दिसतोय, आणि चपला कुरतडायचं वयही उलटलंय.

गजांआडचे फोटो टाकू नका. तिला बाहेर फिरवून छोटा व्हिडिओ काढा: लिफ्टमध्ये कशी उभी राहते, बेल वाजली की भुंकते का, लहान मुलांशी कशी वागते. नेरुळ-खारघरच्या फ्लॅटवाल्यांना हेच हवं असतं. 'खूप गोड आहे' तर सगळेच लिहितात.

सोसायटीची भीती बरेच जण घालतात. भारतीय प्राणी कल्याण मंडळाच्या २०१५च्या मार्गदर्शक सूचनांनुसार सोसायटीला ठराव करूनही पाळीव कुत्र्यांवर बंदी घालता येत नाही. भाड्याचं घर असेल तर मात्र घरमालकाची लेखी संमती आधीच मागा.

रेबीजच्या लसीची नोंद असलेलं कार्ड सोबत द्या. महापालिकेचा परवाना नवीन पालकाने काढायचा. घर स्वतः जाऊन बघा, विशेषतः गॅलरीला जाळी आहे का ते.

आणि हो, पहिले दोन-तीन दिवस ती कदाचित जेवणार नाही, कोपऱ्यात बसून राहील. हे आधीच सांगून ठेवा, नाहीतर तिसऱ्या दिवशी 'परत घेऊन जा' असा फोन येतो. मला आलाय.