‘रविवारी माझी भाजीवाली यायची असते’

प्रिय ताई,

चौदा महिन्यांपूर्वी आम्ही दादरहून बदलापूरला राहायला आलो. दिरांची आणि आमची वाटणी झाली, दादरची जागा विकली गेली आणि आमच्या वाट्याच्या पैशांत इथे घर झाले. मी फोर्टमधील एका कार्यालयात नोकरी करते. सकाळी सातला घर सोडते, ते रात्री आठला परतते. हाताशी राहतो तो एक रविवार. नव्या जागी सगळ्यांचे मन रमावे म्हणून दर रविवारी कुठे ना कुठे जायचे मीच ठरवते. माथेरान, माळशेज, टिटवाळा, लोणावळा, अंबरनाथचे शिवमंदिर हे सगळे पाहून झाले. परवा इथल्या कोंडेश्वरच्या धबधब्याला निघालो, तर पावसाळी बंदीमुळे अर्ध्या वाटेतून परत यावे लागले. मधल्या एखाद्या रविवारी दादरला जातो. पण यजमान कुरकुरतात, नववीतला मुलगा मोबाइलमधून डोके वर काढत नाही आणि चौऱ्याहत्तर वर्षांच्या सासूबाई तर येतच नाहीत. दादरहून आणलेल्या भाजीने मी फ्रीज भरून ठेवलेला असतो, तरी त्यांचे एकच, ‘रविवारी माझी भाजीवाली यायची असते.’ त्यांचे माहेर मुरबाडकडचे, त्यामुळे रानातल्या भाज्यांचे त्यांना भारी वेड. मागच्या आठवड्यात कसलेसे कोंब घेऊन ठेवले होते. त्याने घसा खवखवतो असे ऐकले होते, म्हणून मी ते टाकून दिले. या घरासाठी धडपडणारी मी एकटीच आहे. या तिघांना बाहेर पडायला कसे तयार करू?

– दादरकर, मुक्काम बदलापूर

सप्रेम नमस्कार.

तुमच्या पत्रात गावांची आणि घाटांची नावे पुष्कळ आहेत, परंतु मी थांबले ते ‘टाकून दिले’ या दोन शब्दांपाशी. एवढ्या पत्रात त्यांच्या वाट्याला तुम्ही अर्धे वाक्य दिले आहे. माझ्या मते तुमचे चौदा महिने कसे गेले ते त्या अर्ध्या वाक्यात पुरते उतरले आहे, म्हणून यजमान आणि चिरंजीव यांचे नंतर पाहू, आधी त्या कोंबांविषयी बोलू.

ती शेवळे असणार. जूनमध्ये पहिले दोन-चार दमदार पाऊस झाले की ठाणे आणि रायगडच्या रानांत जमिनीतून सरळ वर येणारी, जांभळट-तपकिरी आवरणात गुंडाळलेली ही भाजी सुरणाच्या कुळातली आहे आणि वर्षातले मोजके काही आठवडेच ती मिळते. त्या कुळाचा गुण म्हणून तिच्यात ऑक्झलेटचे सुईसारखे स्फटिक असतात, आणि भाजी नीट केली नाही तर घसा खवखवतो, हे तुम्ही ऐकले ते खरे आहे. अळूचेही तसेच असते. म्हणून फदफद्यात आपण चिंच घालतो, त्या भीतीने अळू कोणी टाकून देत नाही. शेवळांवरचा उतारा म्हणजे काकडे, आवळ्यासारखी दिसणारी हिरवी आंबट फळे, आणि शेवळांची जुडी देणारी बाई बहुधा तिच्याबरोबर मूठभर काकडेही देते. तुम्ही जे टाकले त्यात ती हिरवी फळे होती का, ते आठवून पाहा. असली, तर सासूबाईंनी सगळी तयारी करून ठेवली होती आणि त्या फक्त तुमच्या सवडीची वाट पाहत होत्या, असे समजा.

तुम्ही चुकलात, आणि हे मी आडवळणाने सांगणार नाही. बदलापूरच्या मातीतून आलेली वस्तू तुमच्या घरात आली, ती तुम्ही कोणालाही न विचारता कचऱ्याच्या डब्यात टाकली. न विचारता असे मी म्हणते, कारण विचारले असते तर ‘ऐकले होते’ असे लिहिण्याची वेळ तुमच्यावर आली नसती. शेवळे खाऊन लहानाची मोठी झालेली बाई त्याच घरात, पलीकडच्या खोलीत होती.

आता त्या बाईंकडे जरा नीट पाहा. लग्न होऊन त्या दादरला आल्या तेव्हा विशीच्या आसपास असतील. म्हणजे पन्नासहून अधिक वर्षे ज्या घरात काढली, ते घर त्यांच्या डोळ्यांदेखत दोन मुलांच्या वाटणीत विकले गेले. तुमच्या पत्रात दादर सुटल्याचे जे दुःख ओळीओळीत जाणवते ते तुमचे आहे. त्यांच्या दुःखाला तुम्ही एक ओळसुद्धा दिलेली नाही. तरीही त्या नव्या गावी आल्या, दारावर येणाऱ्या एका बाईशी बोलू लागल्या, तिचा वार त्यांनी लक्षात ठेवला आणि तिला ‘माझी भाजीवाली’ म्हणू लागल्या. हा ‘माझी’ शब्द तुम्ही त्यांच्या तोंडचा म्हणून लिहून गेला आहात. बदलापुरातल्या कोणत्याही माणसाला, रस्त्याला किंवा दुकानाला तुमच्या पत्रात तो शब्द लागलेला नाही. तुमच्या घरातून बदलापूरला खऱ्या अर्थाने राहायला गेलेले माणूस आजवर एकच आहे, आणि ते चौऱ्याहत्तर वर्षांचे आहे.

फ्रीज भरलेला असताना त्या भाजीवालीची वाट का पाहतात, याचे तुम्हाला नवल वाटते. सकाळी सातपासून रात्री आठपर्यंत तुम्ही घरी नसता, यजमान त्यांच्या कामावर असतात, मुलगा शाळा आणि क्लास यांत असतो. त्या तेरा तासांत ‘आजी, आज गुडघा कसा आहे?’ असे त्यांना विचारणारे कोण असते, याचा विचार केला की ते नवल उरणार नाही. ती बाई पहाटे रानातून जे मिळेल ते खुडून, सागाच्या पानांत बांधून, पाटी डोक्यावर घेऊन तुमच्या इमारतीपर्यंत येते. कदाचित मुरबाडच्या बोलीतला एखादा शब्द तिच्या तोंडी असेल, कदाचित सासूबाईंच्या माहेरची वाट तिला ठाऊक असेल. तिचे नाव तुम्हाला माहीत नाही, सासूबाईंना नक्की माहीत असेल.

तुमचीही एक वस्ती आहे, ती मी विसरलेले नाही. ती बायकांच्या डब्यात आहे. बदलापूर ते दादर हे साठेक किलोमीटर रोज दोनदा कापताना तुमच्या ठरलेल्या चौघी-पाचजणी असतील, संक्रांतीचे हळदीकुंकू आणि दसऱ्याची पूजा डब्यातच होत असेल, एखादी आली नाही तर बाकीच्या फोन करून चौकशी करत असतील. मीही त्याच मार्गावर अनेक वर्षे प्रवास केला आहे. ठाण्यानंतर तिघींच्या बाकावर कडेची चौथी सीट मिळाली की मांडीवर वर्तमानपत्र पसरायचे, मेथीची जुडी सोडायची आणि डोंबिवली येईपर्यंत पाने पिशवीत आणि देठ कागदात, हे मी हजार वेळा केले आहे, त्यामुळे त्या पिशवीचे वजन मला कळते. पण तुम्ही काय करता ते पाहा. फोर्टहून निघताना सीएसएमटीला मिळालेली बसायची जागा सोडून तुम्ही दादरला उतरता, मंडईत शिरता आणि दोन पिशव्या सावरत पुन्हा बदलापूरच्या गाडीत स्वतःला कोंबून घेता. मेथी, कोथिंबीर, दुधी बदलापुरात मिळत नाही असे तुम्हीही म्हणणार नाही. त्या पिशव्यांतून तुम्ही रोज थोडे दादर घरी घेऊन येता, आणि ते संपले की पुन्हा आणायला जाता.

डब्यातली ती वस्ती रविवारी नसते. रविवारी सकाळी तुम्ही जाग्या होता तेव्हा त्या इमारतीत नावाने हाक मारणारे तुम्हाला कोणी नसते, घर एकदम अनोळखी वाटू लागते आणि दहाच्या आत बाहेर पडावेसे वाटते. ‘सगळ्यांचे मन रमावे म्हणून’ असे तुम्ही लिहिले आहे. मन तुमचे रमत नाही, आणि ते कबूल करायला जड जाते, म्हणून तिघांनाही बाहेर काढायचा आग्रह होतो. माथेरानला नावे ठेवण्याचा माझा हेतू नाही. अंबरनाथचे शिवमंदिर इसवी सन १०६० मधले, शिलाहारांच्या काळातले आहे, ते तुमची पुढेही वाट पाहील; शेवळे मात्र दोन-तीन आठवड्यांत संपतात आणि चौऱ्याहत्तर वर्षांच्या बाईंपाशी पावसाळे मोजके असतात.

माळशेजविषयी एक गोष्ट मला बोलल्यावाचून राहवत नाही. बदलापूरहून माळशेजला जाताना तुमची गाडी मुरबाडवरूनच गेली असणार, कारण रस्ता तसाच आहे. ज्यांचे माहेर त्या वाटेवर आहे त्या घरी राहिल्या आणि त्यांच्या माहेराजवळून तुम्ही धबधबे पाहायला पुढे गेलात. ‘आई, मुरबाडला थांबू या का?’ असे एकदा तरी विचारले असतेत, तर मला वाटते, भाजीवालीला त्यांनी आदल्या दिवशीच निरोप धाडला असता.

लग्नानंतर मी सांगलीहून डोंबिवलीला आले तेव्हा गिरणीत डबा ठेवायचा, घरी निघून यायचे आणि संध्याकाळी पीठ घेऊन जायचे, अशी माझी रीत होती. एके दिवशी गिरणीचा पट्टा तुटला आणि तो बसवून होईपर्यंत मला तिथल्या बाकावर बसावे लागले. शेजारच्या बाईंनी माझ्या डब्यात डोकावून सांगितले की ज्वारीच्या दळणानंतर लगेच गहू टाकू देऊ नका, पोळ्या फाटतात. तेवढेच बोलणे झाले. पुढे पहिल्या बाळंतपणाच्या वेळी अपरात्री कळा सुरू झाल्या, तेव्हा रिक्षात माझा हात धरून बसल्या त्या ह्याच बाई. हे आमचे हे गावाला गेलेले असताना घडले, आणि मला त्या वेळी डोंबिवलीत दुसऱ्या कोणाचे घरसुद्धा माहीत नव्हते.

म्हणून माझे सांगणे एकच आहे. दादरहून भाजी आणणे बंद करा. या शुक्रवारी सीएसएमटीला जागा मिळाली की सरळ बदलापूरपर्यंत बसून या, आणि रविवारी सकाळी फ्रीज रिकामा असू द्या. मग घरात भाजी यायची तर ती सासूबाईंच्या भाजीवालीकडूनच येईल, आणि ती घ्यायला तुम्हाला दाराशी त्यांच्या शेजारी बसावे लागेल. त्याआधी, शनिवारी रात्रीच, त्यांच्याशी बोला. शेवळे कुठे गेली हे त्यांना कळलेले आहे. त्या वयाच्या बाईला आपली जुडी कुठे ठेवली होती हे पक्के आठवत असते, आणि त्या बोलल्या नाहीत ते सूनबाई दमून येते म्हणून. ‘आई, मी विचारायला हवे होते. कशी करतात ते मला दाखवा,’ एवढे पुरे आहे. त्यापुढे खुलासा करत बसू नका.

माझे उत्तर तुमच्या हाती पडेपर्यंत शेवळे संपत आली असतील. मिळाली तर फारच छान. नाहीतर टाकळा, कुर्डू, फोडशी, जे त्या दिवशी पाटीत असेल ते घ्या, श्रावणाच्या सुमारास कंटोळी येतील. भाव करू नका. बाईला बसायला सांगा, पाणी द्या, तिचे नाव विचारा आणि ही भाजी तिच्या घरी कशी करतात तेही विचारा, कारण प्रत्येक पाड्यावर रीत थोडी वेगळी असते. बदलापूरच्या जांभळाला भौगोलिक मानांकन मिळालेले आहे. पुढच्या मे-जूनमध्ये ती तिलाच आणायला सांगा.

यजमानांना आणि चिरंजीवांना रविवारी उशिरापर्यंत झोपू द्या, त्यांच्यामागे लागू नका. सहलींचे म्हणाल, तर सासूबाई आपण होऊन एखाद्या ठिकाणाचे नाव घेईपर्यंत गाडी बाहेर काढायची नाही. त्यांनी नाव घेतले की ते कितीही लहान खेडे असो, तिथे पाहण्यासारखे काही असो वा नसो, तिथेच जायचे, आणि पुढच्या सीटवर त्यांना बसवायचे.

शेवळे मिळालीच, तर वरचे आवरण काढून टाका, खालचा खाजरा भाग सासूबाई दाखवतील तेवढा कापून काढा, उरलेले अगदी बारीक चिरा आणि काकडे ठेचून त्यांचे आंबट पाणी घालायचे विसरू नका. चिरताना हातही खाजतात. बसण्याआधी दोन्ही तळव्यांना खोबरेल तेल चोळा, आणि सासूबाईंच्या हातांनाही तुम्हीच लावा.