स्पीड लॉक काढलात तिथेच केस फिरली

नाशिकहून एका वडिलांचं पत्र आलंय. मुलगा १५ वर्षांचा, क्लासला जायला स्लो-स्पीड इलेक्ट्रिक स्कूटर घेऊन दिली, डीलर म्हणाला लायसन्स नको पासिंग नको, आणि गेल्या महिन्यात एका आजोबांना धडक बसून त्यांचा हात मोडला. गाडी पोलीस स्टेशनला आहे. विचारतात, "जी गाडी मोटार वाहनच नाही, तिच्यावर मोटार कायदा कसा लागतो?"

असली पत्रं सारखी येतात, फक्त गाव बदलतं. पण तुमच्या पत्रात अगदी खाली एक ओळ आहे, "मेकॅनिकला पैसे देऊन स्पीड लॉक काढून घेतला होता, आता ४५ ला जाते." अहो, सगळी केस या ओळीत आहे आणि तुम्ही ती जाताजाता लिहिलीत!

डीलर अर्धंच बोलला. केंद्रीय मोटार वाहन नियमांतल्या नियम २(यू) मधली सूट कधी मिळते, तर मोटर २५० वॅटच्या आत, वेग ताशी २५ किमीच्या आत, बॅटरी सोडून वजन ६० किलोपर्यंत, आणि हे सगळं पुण्याच्या एआरएआयसारख्या चाचणी संस्थेने तपासून मंजूर केलेलं असलं तरच. सूट मर्यादेतल्या गाडीला आहे, गाडीवरच्या स्टिकरला नाही. ४५ ला पळाली की नोंदणी, विमा, लायसन्स सगळं आलं, आणि तुमच्याकडे यातलं एकही नाही.

त्यात मुलगा अल्पवयीन. २०१९ च्या सुधारणेतलं कलम १९९ए बघा, पालकाला तीन वर्षांपर्यंत कैद आणि २५ हजार दंड. "मला माहीत नव्हतं" हा बचाव कायद्यात आहे, पण लॉक काढायचे पैसे तुम्हीच दिलेत म्हटल्यावर तो कुठल्या तोंडाने घेणार? प्रत्यक्षात किती कडक लावतात ते तपास अधिकाऱ्यावर आणि कोर्टावर, मी आत्ता काही सांगत नाही. आजोबांनी भरपाई मागितली तर विमा नसल्यामुळे ती बहुधा तुमच्याच खिशातून.

आता मेकॅनिक म्हणतोय ना, गाडी सुटली की जुना कंट्रोलर, म्हणजे वेग आवरणारा भाग, बसवून देतो? अजिबात नको, पुरावा बदलल्याचं नवीन लचांड मागे लागेल. डीलरकडून त्या मॉडेलच्या मंजुरीचं सर्टिफिकेट लेखी मागा, आजच. तो देऊ शकला नाही तर गाडीला सूट मुळातच नव्हती, मग ग्राहक आयोगात त्याला ओढता येईल, खोटं सांगून विकली म्हणून. दिलं तर मात्र दोष लॉक काढणाऱ्याचा, म्हणजे तुमचा. आणि जबाब द्यायच्या आधी तिथला फौजदारी वकील गाठा, मेकॅनिकच्या सल्ल्याने फार झालं.