इंदूरात विधवा आत्याला संपत्तिकर (घरपट्टी) माफ होतो का?

होऊ शकतो. आत्याबाईंचं रामबागेतलं घर त्यांच्याच नावावर आहे आणि वरच्या खोल्यांच्या भाड्यावरच त्यांची गुजराण चालते, असं तुम्ही लिहिलंय. मध्य प्रदेश नगरपालिक निगम अधिनियम, 1956 च्या कलम 136 मध्ये अशा विधवांसाठी सूट आहे, पण ठरावीक मर्यादेपर्यंतच. नुसतं विधवा असणं पुरत नाही, भाडं हेच उत्पन्नाचं मुख्य साधन हवं. अल्पवयीन मुलं आणि कमवू न शकणारे अपंग यांनाही हेच लागू. देवळं, धर्मशाळा, स्मशानं याच कलमाच्या वेगळ्या खंडांत येतात.

नोंदीत मात्र घर अजून आत्याबाईंच्या यजमानांच्याच नावावर असेल, तर आधी नामांतरण करून घ्या. मग मृत्यूचा दाखला, भाडेचिठ्ठी, जुन्या पावत्या घेऊन महापालिकेच्या झोन ऑफिसात लेखी अर्ज द्या आणि पोच घ्याच. पाण्याचं बिल मात्र वेगळं, ते भरत राहा.