चौथी स्टेज असली की औषध देण्यात अर्थ नाही का?

फुप्फुसाच्या कॅन्सरचं निदान झालेल्या घरांतून हा प्रश्न माझ्याकडे सतत येतो. "चौथी स्टेज आहे, मग किमोचा त्रास द्यायचा तरी कशाला?" विचारणाऱ्याचा जीव त्या माणसात अडकलेला असतो, म्हणूनच तो विचारतो. एका कुटुंबाच्या निमित्ताने उत्तर देते. ओळख पटू नये म्हणून तपशील बदलले आहेत.

बाई साताऱ्याकडच्या, साठीच्या आतल्या. तंबाखू नाही, मिश्री नाही. आयुष्य चुलीपुढे आणि शेतात गेलेलं. खोकला हटेना म्हणून आधी टीबीच्या गोळ्या सुरू झाल्या. आपल्याकडे टीबी इतका आहे की एक्स-रेवरचा डाग पाहून पहिला संशय तिकडेच जातो. पण थुंकीत जंतू सापडले नाहीत आणि गोळ्या चालू असूनही वजन उतरतंय, तर पुन्हा तपासणीचा आग्रह धरा. या बाईंच्या छातीत पाणी झालं तेव्हा कुठे सीटी स्कॅन झाला, गाठीचा तुकडा तपासायला गेला. अ‍ॅडिनोकार्सिनोमा (फुप्फुसाच्या कॅन्सरचा एक प्रकार) निघाला, कमरेच्या हाडापर्यंत पसरलेला.

माझ्यासमोर मुलगा आणि धाकटे दीर बसले. दीर म्हणाले, "वहिनींना घरी नेतो. किमोनं माणूस लवकर जातं, गावात बघितलंय आम्ही." मुलगा शेत विकायला तयार. एकमत फक्त एका गोष्टीवर होतं: आईला काही सांगायचं नाही.

मी विचारलं, "जीन टेस्टचा रिपोर्ट आला का?" तो यायचा होता. अजून एक खर्चाची तपासणी, असंच दोघांना वाटत होतं. खरं तर कॅन्सरच्या पेशींतल्या जीनमध्ये कोणता बदल आहे ते हा रिपोर्ट सांगतो, आणि सगळा निर्णय त्या कागदावर अडला होता.

रोग पहिल्या-दुसऱ्या टप्प्यात असेल तर ऑपरेशन करतात. ते झेपणार नसेल तर गाठीवर नेमकं रेडिएशन देतात. तिसऱ्या टप्प्यात बऱ्याचदा किमो आणि रेडिएशन एकत्र असतं. चौथ्या टप्प्यात रोग मुळासकट जाण्याची आशा फार थोडी, हे मी लपवत नाही. पण तिथेही सगळ्यांना एकच औषध नसतं. भारतात अ‍ॅडिनोकार्सिनोमाच्या साधारण चारपैकी एका रुग्णात ईजीएफआर या जीनमध्ये बदल सापडतो, कधीच सिगारेट न ओढलेल्यांत जास्त. एएलके जीनमधला बदल त्याहून कमी जणांत दिसतो. असा बदल असेल तर घरी रोज घ्यायच्या गोळीने रोग आवरता येतो. नसेल तर गाठीतलं पीडी-एल१ हे प्रथिन तपासून इम्युनोथेरपी (शरीराच्या प्रतिकारशक्तीला रोगाशी लढायला लावणारं औषध), किमो किंवा दोन्ही. प्रकृती अगदीच ढासळत नसेल, तर त्या रिपोर्टसाठी थांबावं. तोवर दुखण्यावर इलाज चालू ठेवता येतो. बाईंच्या कमरेला रेडिएशन दिलं आणि त्या रात्री झोपू लागल्या.

रिपोर्टमध्ये ईजीएफआरचा बदल निघाला. डॉक्टरांनी तीन वाटा सांगितल्या: ईजीएफआरच्या बदलावर चालणारी जेफिटिनिबची गोळी, त्याच कामाची नवी पण महागडी ऑसिमर्टिनिब, किंवा जेफिटिनिबच्या जोडीला किमो. या जोडीचा अभ्यास मुंबईच्या टाटा मेमोरियलमध्येच ३५० रुग्णांवर झाला आहे. नुसत्या जेफिटिनिबवर रोग साधारण ८ महिने आटोक्यात राहिला, जोडीने १६ महिने. पण गंभीर त्रास होणाऱ्यांचं प्रमाणही दुप्पट झालं. मुलगा लगेच म्हणाला, "मग किमो घ्यायचीच." मी म्हटलं, "दादा, सलाईन कुणाच्या हाताला लागणार आहे? त्यांना विचारू या."

सांगायची वेळ आलीच नाही. "तुम्हाला काय वाटतंय, कसला आजार आहे?" एवढंच मी विचारलं. त्या म्हणाल्या, "बाई, दवाखान्याच्या पाटीवर लिहिलंय की. पोरगं रडंल म्हणून गप बसले." मग त्यांनी किमोसाठी दर तीन आठवड्यांनी कराव्या लागणाऱ्या प्रवासाचं विचारलं, पैशांचं विचारलं, आणि नुसती जेफिटिनिबची गोळी निवडली. शेत विकू नको, असं मुलाला बजावलं. जेफिटिनिबची जेनेरिक गोळी बरीच स्वस्त मिळते. सरकारी योजनेतून काय बसतं ते दवाखान्याच्या समाजसेवा विभागाने पाहिलं.

त्याच आठवड्यात पॅलिएटिव्ह केअरच्या, म्हणजे दुखणं आणि त्रास कमी करण्याकडे बघणाऱ्या, डॉक्टरांशी गाठ घालून दिली. दीर दचकले, "म्हणजे हात टेकले?" अजिबात नाही. अंगात पसरलेल्या फुप्फुसाच्या कॅन्सरच्या १५१ रुग्णांवरचा अमेरिकेतला एक अभ्यास २०१० साली प्रसिद्ध झाला. ज्यांना ही सेवा नेहमीच्या उपचारांसोबत सुरुवातीपासून मिळाली, ते जास्त सुखाने जगले आणि जास्तही जगले: त्यांच्यातले निम्मे ११.६ महिन्यांहून जास्त जगले, इतरांतले निम्मे ८.९ महिन्यांहून.

गोळीलाही जपावं लागतं. अंगावर पुरळ, जुलाब, नखांच्या कडा सुजणं हे होतं. लवकर सांगितलं तर आवरतं. धाप एकाएकी वाढली तर त्याच दिवशी दवाखाना गाठायचा. अ‍ॅसिडिटीची गोळी मनाने घ्यायची नाही, तिने जेफिटिनिब अंगी कमी लागते. काढा किंवा चूर्ण चालू असेल तर तेही डॉक्टरांना दाखवायचं.

एक गोष्ट मी मुलाला पहिल्याच महिन्यात सांगून ठेवली. ही गोळी कधी ना कधी लागू पडेनाशी होते, बऱ्याचदा वर्षभराच्या आत. त्या वेळी जुन्या रिपोर्टवर न थांबता रक्ताची किंवा नव्या तुकड्याची तपासणी करून घ्यायची. निम्म्याच्या आसपास रुग्णांत ईजीएफआरमध्येच टी७९०एम हा नवा बदल निघतो, आणि त्यावर ऑसिमर्टिनिब चालते. तिच्या खर्चाची चौकशी त्याने आतापासूनच सुरू केली आहे.