वाचकांचे प्रश्न : आकडे मेगापिक्सेलचे, अडचण उजेडाची

फोन आणि डीएसएलआर (आत आरसा असलेला, लेन्स बदलता येणारा कॅमेरा) या दोन्हींच्या कॅमेऱ्यांविषयी या वेळी बरीच पत्रे आली. त्यांतील पाच निवडली आहेत. काही उत्तरे लांबली, कारण प्रश्न वरवर दिसतो तितका सोपा नव्हता.

प्रश्न : माझ्या फोनचा कॅमेरा १०८ मेगापिक्सेलचा आहे, तरी फोटो १२ मेगापिक्सेलचाच निघतो. भावाच्या आठ वर्षे जुन्या डीएसएलआरचे २४ मेगापिक्सेलचे फोटो मात्र अधिक स्वच्छ दिसतात. दुकानदाराने मला फसवले का? (एक वाचक, सातारा)

उत्तर : फसवलेले नाही. मात्र खोक्यावर जो आकडा सर्वांत ठळक छापतात, त्याचा रोजच्या फोटोशी सर्वांत कमी संबंध असतो, हे खरे. १०८ मेगापिक्सेलच्या सेन्सरवर, म्हणजे प्रकाश टिपणाऱ्या चिपवर, १२००० × ९००० पिक्सेल (प्रकाश टिपणारे बारीक चौकोन) असतात. फोनमध्ये सर्रास वापरल्या जाणाऱ्या अशा एका सेन्सरवर प्रत्येक पिक्सेल अवघा ०.७ मायक्रोमीटर रुंद आहे. म्हणजे माणसाच्या एका केसाच्या जाडीत सुमारे शंभर पिक्सेल शेजारी शेजारी मावतील. इतक्या चिमुकल्या पिक्सेलच्या वाट्याला प्रकाश फारच थोडा येतो आणि फोटोत, विशेषतः सावलीच्या भागात, रवाळ ठिपके उमटतात. म्हणून फोन लगतचे नऊ पिक्सेल एकत्र धरून त्यांचा एकच पिक्सेल करतो. १०८ ला ९ ने भागले की आपले १२ मेगापिक्सेल मिळतात. ही काटछाट नसून शहाणपणाची तडजोड आहे. ४००० × ३००० पिक्सेलांचा फोटो इंचाला ३०० ठिपके या दर्जाने छापला, तर तो सुमारे १३ × १० इंच होतो. भिंतीवर लावण्यास एवढा आकार पुष्कळ झाला.

भावाच्या कॅमेऱ्यातील सेन्सर बहुधा २३.५ × १५.६ मिलिमीटरच्या आसपास असेल. आपल्या फोनचा साधारण ८.४ × ६.३ मिलिमीटरचा. क्षेत्रफळात हा फरक जवळजवळ सातपट आहे आणि स्वच्छतेचे मूळ तिथे आहे. तरीही भावाशी वाद घालायचाच असेल, तर आपली बाजू अगदीच लंगडी नाही. डीएसएलआरसोबत मिळणाऱ्या १८-५५ मिलिमीटरच्या लेन्सचे ॲपर्चर, म्हणजे प्रकाश आत येण्याचे छिद्र, जास्तीत जास्त एफ ३.५ ते ५.६ इतकेच उघडते (एफचा आकडा जितका लहान, तितके छिद्र मोठे), तर फोनची मुख्य लेन्स एफ १.८ च्या आसपास असते आणि सेन्सरच्या तेवढ्याच क्षेत्रावर कितीतरी अधिक प्रकाश सोडते. शिवाय फोन एका क्षणात अनेक फोटो काढून ते एकावर एक जुळवतो. त्यामुळे दिवेलागणीनंतर एखाद्या स्थिर देवळाचा किंवा रस्त्याचा फोटो फोनवर अधिक चांगला आला, तर नवल मानू नये.

१०८ मेगापिक्सेलचा पर्याय भर उन्हात, स्थिर दृश्यासाठी आणि नंतर फोटोचा एखादाच भाग कापून घ्यायचा असेल तेव्हा वापरावा. बोटांनी पडदा ताणून केलेला झूम हीदेखील बहुतेक वेळा अशी कापाकापीच असते. मुख्य लेन्सवर दहापट झूम केल्यास मूळ पिक्सेलांपैकी शंभरावा हिस्साच उरतो आणि बाकीचे चित्र फोन अंदाजाने भरतो. फोनच्या पाठीवर दूरचे जवळ दाखवणारी वेगळी टेलिफोटो लेन्स असेल, तर तिच्या पटीपर्यंतचा झूम खरा समजावा.

प्रश्न : संध्याकाळी घरात दोन वर्षांच्या नातीचा एकही फोटो स्पष्ट येत नाही. नाईट मोड लावला तर ती भुतासारखी विरघळलेली दिसते. डीएसएलआरवरही फोटो हलतो. काय करावे? (एक आजोबा, नाशिक)

उत्तर : आजोबा, नाईट मोड नेमका या कामासाठी नाही. तो अंधारात अनेक फोटो घेऊन त्यांची बेरीज करतो. भिंत, झाड, इमारत जागची हलत नाही म्हणून बेरीज बिनचूक येते; नात मात्र त्या दोन-तीन सेकंदांत सोफ्यावरून खाली उतरलेली असते. तो मोड बंद करावा, खोलीतले सगळे दिवे लावावेत आणि शक्य असेल तर फोटोची वेळच बदलून सकाळी खिडकीशेजारी खेळ मांडावा. फोटो एकेक न काढता सलग काढावेत. काही फोनमध्ये त्यासाठी शटरचे बटण दाबून धरावे लागते, काहींमध्ये ते बाजूला ओढावे लागते. वीस फोटोंतील एक चांगला निघाला तरी बाकीचे एकोणीस पुसता येतात.

डीएसएलआरवर कॅमेऱ्याच्या मर्जीवर न राहता शटरचा वेग, म्हणजे ते किती वेळ उघडे राहील हे, आपण ठरवावे. निकॉनच्या चकतीवर ‘एस’, कॅननवर ‘टीव्ही’ अशी खूण असते. तिथे १/२५० सेकंद ठेवावा आणि आयएसओ (सेन्सरची प्रकाशाला दाद देण्याची पातळी) ऑटोवर सोडावा. फोटो थोडा रवाळ येईल. रवाळ पण स्पष्ट फोटो अल्बममध्ये टिकतो, गुळगुळीत पण हललेला टिकत नाही, असे माझे मत आहे. ५.६ चे ॲपर्चर असलेल्या लेन्सवर आयएसओ फारच वर जात असेल, तर एफ १.८ ची, झूम नसलेली लेन्स घ्यावी. ती सुमारे दहापट प्रकाश आत घेते. इथे एक खाचखळगा आहे. स्वस्त म्हणून सगळे ५० मिलिमीटरची सुचवतात, पण छोट्या सेन्सरच्या डीएसएलआरवर ती ७५-८० मिलिमीटरसारखी दिसते आणि दहा बाय बाराच्या खोलीत आजोबांना पाठ भिंतीला टेकवून उभे राहावे लागते. घरासाठी ३५ मिलिमीटरची बरी.

प्रश्न : बहिणीच्या लग्नात मंगल कार्यालयातील माझ्या फोटोंवर आडवे काळपट पट्टे आले. डोळ्यांना तर प्रकाश एकसारखा दिसत होता. फोन बिघडला आहे का? (एक वाचक, अमरावती)

उत्तर : फोन धडधाकट आहे, दोष दिव्यांचा आहे. आपल्याकडील वीजपुरवठा ५० हर्ट्झचा असल्यामुळे साधारण प्रतीचे एलईडी दिवे सेकंदाला १०० वेळा उजळतात आणि मंदावतात. डोळ्यांना ते कळत नाही. फोनचा सेन्सर मात्र संपूर्ण चित्र एकदम टिपत नाही, ओळीमागून ओळ वाचत जातो. शटरचा वेग १/५०० सेकंद असेल, तर काही ओळी दिवा उजळ असताना टिपल्या जातात आणि काही मंद असताना. त्याचेच ते पट्टे. वेग हाताने ठरवता येणाऱ्या प्रो मोडमध्ये तो १/१०० किंवा १/५० ठेवल्यास प्रत्येक ओळीला उजेडाची पूर्ण आवर्तने मिळतात आणि पट्टे जातात. व्हिडिओच्या सेटिंगमध्ये ५० हर्ट्झचा पर्याय असल्यास तो निवडावा.

आधीच्या उत्तरात मी १/२५० सांगितले आणि इथे १/१०० सांगतो आहे, हे चाणाक्ष वाचकांच्या ध्यानात आले असेल. दोन्ही गोष्टी एकाच वेळी साधत नाहीत. अक्षता पडत असताना हालचाल गोठवायची की पट्टे टाळायचे, हे तिथेच ठरवावे लागते. वधूवर उभे असताना १/१०० पुरेसा होतो. २०१४ साली आलेल्या कॅननच्या सेव्हन-डी मार्क टू या डीएसएलआरमध्ये दिव्याचा उजळ क्षण ओळखून शटर उघडण्याची सोय होती आणि पुढे ती इतर कॅमेऱ्यांतही आली. परंतु रंग बदलणारे रंगमंचावरील दिवे वेगळ्याच गतीने लुकलुकतात. त्यांच्यापुढे ही सोयही चालत नाही आणि १/१०० चा उपायही. तिथे निरनिराळे वेग लावून पाहण्यावाचून गत्यंतर नाही.

प्रश्न : व्हॉट्सॲपवर आलेला कुटुंबाचा फोटो मोठा छापला, तर चेहरे पुसट झाले. (एक वाचक, बेळगाव)

उत्तर : व्हॉट्सॲप साध्या रीतीने पाठवलेला फोटो आकसून साधारण १६०० पिक्सेल लांबीचा करते. ४ × ६ इंचाच्या छपाईला तो चालून जातो, १२ × १८ इंचाला नाही. ज्यांनी फोटो काढला, त्यांच्याकडून मूळ फोटो ‘डॉक्युमेंट’ म्हणून मागवून घ्यावा.

प्रश्न : जुना डीएसएलआर स्वस्तात मिळतो आहे. घ्यावा का? आमच्याकडे पावसाळ्यात कपाटातील चपलांनासुद्धा बुरशी येते. (एक वाचक, रत्नागिरी)

उत्तर : घेण्यास हरकत नाही. निकॉन आणि कॅनन या दोघांनीही २०१८ मध्ये आरसा नसलेल्या कॅमेऱ्यांसाठी नवे लेन्स माउंट (लेन्स जोडण्याचे कडे) आणले आणि तेव्हापासून अनेक हौशी मंडळींनी जुने संच विकायला काढले. मात्र पैसे देण्यापूर्वी शटर किती वेळा उघडले आहे ते पाहावे; प्राथमिक श्रेणीच्या बऱ्याच डीएसएलआरचे शटर सुमारे १ लाख वेळांसाठी बनवलेले असते. निकॉनचा डी ३००० किंवा डी ५००० मालिकेतील कॅमेरा असेल, तर त्यात फोकसची मोटर नसते, हे ध्यानात ठेवावे. लेन्समध्ये स्वतःची मोटर नसल्यास प्रत्येक फोटोसाठी फोकस हाताने फिरवावा लागेल. ‘एएफ-डी’ लिहिलेली स्वस्त लेन्स पाहून पुष्कळ जण इथेच फसतात.

लेन्समधून टॉर्चचा झोत पलीकडे टाकून पाहावा. आत कोळिष्टकासारखे तंतू दिसले, तर ती बुरशी आहे; कितीही घासाघीस करून किंमत उतरली तरी अशी लेन्स घेऊ नये. आपल्या हवेत कॅमेरा चामड्याच्या पिशवीत कोंडून ठेवू नये. घट्ट झाकणाच्या डब्यात सिलिका जेल टाकून आर्द्रता ४० ते ५० टक्क्यांच्या दरम्यान राखावी. त्यासाठीचा छोटा आर्द्रतामापक फार महाग नसतो. डब्यात तांदूळ घालण्याचा घरगुती उपाय टाळावा, त्याची भुकटी लेन्सच्या कड्यांत शिरते. आणि जून ते सप्टेंबर या काळात आठवड्यातून एकदा तरी कॅमेरा बाहेर काढून त्यावर चार फोटो काढावेत.