इटलीत डोंगरावरचं एखादं छोटं, जुनं गाव पाहायचं आहे. सोबत सत्तरीचे आई-बाबा आहेत. रोमहून एक-दोन दिवस काढून कुठे जावं?

तुम्ही लिहिलंय की रोमला चार दिवस, मग नेपल्स, आणि मधले एक-दोन दिवस मोकळे आहेत. बहुतेक जण चिविता दी बान्योरेज्जो सांगतील. गाव सुंदर आहे यात वाद नाही, पण तिथे लांबलचक पादचारी पुलावरून चढून जावं लागतं, त्याला तिकीट आहे आणि वर पोचल्यावर गर्दीत फोटो काढणाऱ्यांचेच फोटो येतात. आई-बाबांच्या गुडघ्यांचा विचार केला तर मी ते सुचवणार नाही.

माझं उत्तर मोंतोने. उंब्रिया प्रांतात, वरच्या तिबर खोऱ्यात, पेरुजाच्या उत्तरेला साधारण चाळीस किलोमीटरवर. रोममधून वाहते तीच ही तिबर, इथे मात्र आपल्या रायगडातल्या काळ-सावित्री नद्यांसारखी लहानखुरी. डोंगर म्हणजे आल्प्स नव्हे, टेकडीच म्हणा, अपेनाइन पर्वताच्या पायथ्याच्या रांगांमधली. तटबंदीच्या आत दगडी घरं, आणि अख्ख्या पंचक्रोशीची वस्ती मिळून दीड हजाराच्या आसपास.

मी तिथे का गेलो ते आधी सांगतो, कारण गाव निवडण्याचं माझं कारण इटलीतलं नाहीच. मी रायगडचा. लहानपणी मामाकडे जाताना एसटी माणगावला थांबायची. तिथे एका सैनिकाचा पुतळा आहे, नाईक यशवंत घाडगे, व्हिक्टोरिया क्रॉस, म्हणजे ब्रिटिशांचं सर्वोच्च शौर्यपदक. वडापाव खाताना तो पुतळा दिसायचा, एवढीच ओळख. 'इटलीत लढले' हे मोठेपणी वाचलं, आणि इटलीत नेमकं कुठे, हे तर पन्नाशीला आल्यावर.

ते हे मोंतोने. दुसरं महायुद्ध चालू होतं. १९४४ च्या उन्हाळ्यात जर्मन सैन्य एकेक डोंगर लढवत उत्तरेकडे मागे हटत होतं आणि ब्रिटिशांच्या बाजूने लढणारी दहावी हिंदुस्थानी डिव्हिजन तिबर खोऱ्यातून त्यांच्या मागे होती. १० जुलैला पाचव्या मराठा लाईट इन्फन्ट्रीच्या तिसऱ्या पलटणीतल्या एका कंपनीने इथल्या उंचवट्यावर हल्ला केला. घाडगे यांच्या सेक्शनवर, म्हणजे छोट्या तुकडीवर, अगदी जवळून मशीनगन चालली. ते सोडून सगळे पडले, कुणी ठार, कुणी जखमी. ते एकटे धावून गेले. हातबॉम्बने मशीनगन आणि ती चालवणारा उडवला, आणखी एकाला गोळी घातली. मॅगझिन बदलायला वेळ नव्हता, तेव्हा बंदूक नळीकडून धरली आणि उरलेल्या दोघांना दस्त्याने हाणून मारलं. मग लपलेल्या नेमबाजाची गोळी लागली. वय बावीस. गाव पळसगाव, तालुका माणगाव.

जुलै २०२३ मध्ये मोंतोनेच्या लोकांनी त्यांचं स्मारक उभारलं. पुतळा नाही, तोफ नाही, चक्क सूर्यघड्याळ. ब्रीदवाक्य लॅटिनमध्ये आहे, अर्थ असा की आपण सगळे एकाच सूर्याखाली राहतो. आम्ही गेलो तो सप्टेंबर होता. बायको मनगटावरच्या घड्याळाशी सावलीचा ताळा जमवत बसली. तो जमत नसतो, कारण उन्हाळ्यात इटलीत घड्याळं तासभर पुढे केलेली असतात, सूर्याला कोण सांगणार? तिथे कुत्रं फिरवायला आलेल्या एका आजोबांनी आमच्याकडे पाहून 'इंदियानी?' विचारलं. मी नुसताच 'माणगाव, माणगाव' म्हणत राहिलो. त्यांना काय कळलं देव जाणे, पण त्यांनी टोपी काढली.

आता गाव. इथला मूळ नामवंत म्हणजे ब्राच्चो फोर्तेब्राच्चो (१३६८–१४२४), भाड्याने फौज पुरवणारा सेनापती. त्या काळी इटलीतली नगरं आपापसांत अशा सरदारांकरवी लढत. याने १४१६ मध्ये पेरुजा घेतलं आणि शेवटी लाक्विला शहराच्या वेढ्यात मेला. त्याचा मुलगा कार्लो व्हेनिसच्या चाकरीत होता. त्याला १४७३ मध्ये येशूच्या काटेरी मुकुटातला म्हणून एक काटा मिळाला, तो गावाने आजवर जपला आहे. ईस्टरनंतरच्या सोमवारी त्याचं दर्शन असतं आणि ऑगस्टमध्ये त्याचा उत्सव. गावातल्या तीन आळ्या जुने पोशाख घालून एकमेकींशी स्पर्धा करतात. आपल्याकडे मानाच्या पालखीवरून होते तशीच चुरस, फक्त गुलाल नाही.

सान फ्रान्चेस्को चर्च आता संग्रहालय आहे. तिथे बार्तोलोमिओ कापोरालीने रंगवलेला, मिरवणुकीत न्यायचा मोठा ध्वज आहे, पंधराव्या शतकातला. तो चुकवू नका. बाकी 'पाहण्यासारखं' फार नाही, आणि तेच बरं. चौकात खुर्ची टाकून बसा. जुलैत इथे छोटा चित्रपट महोत्सव भरतो, तेव्हा त्याच चौकात पडदा लागतो.

आई-बाबांसाठी: गाडी तटाबाहेर लावायची आणि आत चालायचं. गल्ल्या उताराच्या, फरसबंदी खडबडीत. अंतर किरकोळ आहे, पण सॅन्डल नको, बूट घाला. माझ्या सासूबाई काठी घेऊन, दर दोन वळणांना टेकत, अर्ध्या तासात चौकात पोचल्या आणि मग उठायलाच तयार नव्हत्या.

जेवणाचं वेळापत्रक मात्र पाळा. आम्ही पावणेतीनला पोचलो, स्वयंपाकघर बंद. संध्याकाळी साडेसातपर्यंत बिस्किटांवर काढलं. या भागात तोर्ता अल तेस्तो म्हणून जाड पोळी मिळते. 'तेस्तो' म्हणजे जड गोल तवा, त्यावर ती भाजायची, मधून चिरायची आणि आत भरायचं. शाकाहारी असाल तर 'कोन ले एर्बे' म्हणा, परतलेली पालेभाजी घालून देतात. सासूबाईंनी पहिला घास घेतला आणि म्हणाल्या, 'भाकरीच की गं ही, मिठाला जरा कमी.' नेहमीचा पाव तर इथे मीठ न घालताच करतात, त्यामुळे हॉटेलवाल्याशी भांडू नका.

रोमहून गाडीने अडीच-तीन तास धरा. पेरुजाकडून येणाऱ्या ई-४५ रस्त्याला टोल नाही. बस आहेत पण मोजक्या, म्हाताऱ्या माणसांना घेऊन त्यांच्या भरवशावर जाऊ नये. भारतीय लायसन्सवर गाडी चालवणार असाल तर निघण्याआधी आरटीओतून आंतरराष्ट्रीय परवाना काढून घ्या. आणि एक रात्र तिथेच राहा. सकाळी सातला खालचं खोरं धुक्याने भरलेलं असतं आणि वर फक्त आपण आणि चर्चची घंटा.

नेपल्सला जाताना कासीनो वाटेतच लागतं. तिथल्या युद्ध दफनभूमीत, ज्यांची कबर किंवा चिता कुठे हे माहीत नाही अशांच्या नावांचं स्मारक आहे. घाडग्यांचं नाव तिथे आहे. आम्ही भर दुपारी गेलो, पाणी न घेता, तेवढं तुम्ही करू नका. मराठा लाईट इन्फन्ट्रीचा भाग शोधा, नाव इंग्रजीत आहे. बायकोने सापडल्यावर हाक मारली तेव्हा मी तिसऱ्याच ओळीत माझ्या आडनावाचा एक माणूस वाचत उभा होतो.