हॅम रेडिओच्या ६३० मीटर बँडवर येताय? आधी कॉइल, मग पॉवर

अमेरिकेत एफसीसीने (दूरसंचार नियामक) २०१७ साली हा ४७२–४७९ किलोहर्ट्झचा पट्टा हॅमसाठी खुला केला. युटिलिटीज टेक्नॉलॉजी कौन्सिलकडे (वीज वगैरे सेवा कंपन्यांची संघटना) ऑनलाइन नोंद करा. ३० दिवसांत हरकत आली नाही तर सुरू करता येतं. ते झालं की अँटेनाकडे वळा, खरं काम तिथंच.

पाव तरंगलांबी म्हणजे जवळजवळ १५८ मीटर. ते विसरा. १५ मीटर उभी आणि ३० मीटर आडवी तार, म्हणजे उलटा एल, पुरे. तिची कपॅसिटन्स (विद्युतधारिता) साधारण २७० पिकोफॅरड, त्यामुळे या फ्रिक्वेन्सीवर अनुनाद (रेझोनन्स) साधायला खाली सुमारे ४१५ मायक्रोहेन्रीची कॉइल हवी: ३० सेंटिमीटर व्यासाच्या प्लॅस्टिक बादलीवर, २० सेंटिमीटर लांबीत, ४० वेढे. कॉइलवर दोन-चार टॅप (मधल्या वेढ्यांवरचे जोड) काढाच, कारण पावसात तार भिजली की अनुनाद सरकतो आणि एसडब्ल्यूआर (अँटेनाकडून पॉवर किती परत येते त्याचं माप) चढतो.

अर्थिंगचा रोध ४० ओहम धरला तर १०० वॅटला करंट दीड अँपिअर, पण कॉइलच्या वरच्या टोकाला जवळजवळ २८०० व्होल्ट पीक! तिथं तार साध्या दोरीने बांधली तर दोरी जळू शकते. प्रसारण मात्र जेमतेम दीड वॅट. ईआयआरपीची (अँटेनाचा दिशेचा फायदा धरून मोजलेली पॉवर) मर्यादा ५ वॅट; तो फायदा धरूनही हे त्यात बसतं. आणखी पॉवरपेक्षा आणखी रेडियल (अँटेनाच्या पायथ्यापासून जमिनीवर पसरलेल्या तारा) टाका. सुरुवात डब्ल्यूएसपीआरने (कमी पॉवरचा सिग्नल कुठवर पोचतो ते पाहायची डिजिटल पद्धत) करा, डायल ४७४.२ किलोहर्ट्झ, यूएसबी (अप्पर साइडबँड).